उंबर फोडून केंबरं

भिशीची चिठ्ठी काढायला लहान मूल लागतं. मोठ्यांच्या हातावर विश्वास नाही असं कोणी बोलून दाखवत नाही, पण स्टीलच्या डब्यात हात घालायची वेळ आली की पाच-सहा वर्षांचं एखादं पोर शोधलं जातं. परळच्या एका चाळीच्या अंगणात, ऑक्टोबरच्या दहा तारखेला संध्याकाळी, उंबराच्या पाराशी असंच एक पोर धरून आणलं होतं. दत्ताच्या तसबिरीपुढे उदबत्ती जळत होती, वरच्या मजल्यावर कोणीतरी बोंबील तळत होतं, त्यामुळे वास धड देवळाचाही नव्हता आणि धड स्वयंपाकघराचाही. पोराच्या डाव्या मुठीत खाली पडलेलं तांबूस उंबर होतं, ते सोडायला तयार नव्हतं. उजव्या हाताने त्याने चिठ्ठी काढली. भिशी चालवणाऱ्या काकूंनी ती उलगडून नाव वाचलं आणि बारा बायकांत दोन-तीन सेकंद कोणीच बोललं नाही. कारण नाव जिचं होतं, ती महिनाअखेरीस बदलापूरला कायमची राहायला जाणार होती. मुलाने तिथे फ्लॅट घेतलेला. मग काकू म्हणाल्या, "घे गं, तुझी लागली." नेमकं तेव्हाच पोराने अंगठ्याने उंबर फोडलं, आतून बारीक काळे किडे भुर्रकन उडाले, आणि त्याची आजी ओरडली, "टाक तो, किडका आहे!"

दोन वाक्यं एकाच क्षणी कानावर पडली, तेव्हापासून ती सुटी होत नाहीत.

आधी पैशांचं पाहू. बारा जणी, प्रत्येकी तीन हजारांचा हप्ता, दर महिन्याला एकीला छत्तीस हजार. जुलैत पहिली भिशी काकूंची, चिठ्ठी न टाकता. भिशी चालवणारीचा हा रिवाजच आहे, कारण कोणी हप्ता बुडवला तर तो भरायची जबाबदारी तिची. बाकी अकरा नावं डब्यात. ज्याचं निघालं त्याची चिठ्ठी पुन्हा टाकायची नाही. चौथ्या महिन्यात जिचं नाव निघालं तिने आतापर्यंत बारा हजार भरले आणि छत्तीस घेतले, म्हणजे चोवीस हजारांचं बिनव्याजी कर्ज तिच्या पदरात पडलं. जिचं नाव जूनमध्ये निघेल, ती वर्षभर बाकीच्यांना बिनव्याजी पैसे पुरवत बसणार. तिला मिळतो तो फक्त आपल्याच पैशांचा गठ्ठा, जो घरात ठेवला असता तर गॅस, गणपती आणि मुलाची फी यांत विरघळला असता. बोलीची भिशी वेगळी. तिथे ज्याला घाई तो घट सोसतो: साठ हजारांची भिशी बावन्न हजारांत उचलतो आणि उरलेले आठ हजार सगळ्यांत वाटले जातात. चिठ्ठीच्या भिशीत घाईला किंमत नाही, नशिबाला आहे.

आता खरा प्रश्न. छत्तीस हजार हातात आल्यानंतर पुढचे आठ हप्ते भरायचे कशासाठी? कागद नाही, सही नाही, तारण नाही. जे मिळायचं होतं ते मिळून गेलं.

हाच प्रश्न त्या उंबरातही दडलेला आहे. उंबराचं फूल म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. खरं तर उंबर म्हणजे फुलंच, शेकडो-हजारो, आत तोंड करून एका थैलीत कोंबलेली. थैलीच्या टोकाला खवल्यांनी आवळलेलं एक भोक असतं. फुलं कोवळी असताना त्यातून मादी केंबरू, म्हणजे उंबरातली चिमुकली गांधीलमाशी, आत घुसते, दोनेक मिलिमीटरची. वाट इतकी चिंचोळी की तिचे पंख तिथेच तुटतात. परत बाहेर यायचा प्रश्न मिटला. आत ती फुलांत अंडी घालते, परागकण फुलांवर पसरते आणि मरते. आखूड मानेच्या फुलांत तिची नळी तळापर्यंत पोचते, तिथे अळ्या वाढतात; लांब मानेच्या फुलांत पोचत नाही, तिथे बी धरतं. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात, बिनपंखी, पिवळट, जवळजवळ आंधळे. माद्या अजून आपापल्या फुलातच असताना ते त्यांना फळवतात, मग मिळून सालीला भोक पाडतात आणि बहुतेक तिथेच संपतात. त्यांनी पाडलेल्या भोकातून माद्या उडतात, पण त्याआधी पिकलेल्या परागकोशांतून परागकण पायांनी खरवडून छातीच्या खालच्या अंगाला असलेल्या दोन बारीक खिशांत भरतात. अक्षरशः खिसे. आयुष्य उरलेलं असतं एखाद-दोन दिवसांचं, तेवढ्यात वासाच्या मागावर नव्याने फुलावर आलेलं दुसरं उंबर गाठायचं. मुंबईत मधे किती टॉवर उभे राहिलेत याची त्यांना कल्पना नाही.

म्हणजे आजी म्हणाली तो किडका उंबर हाच नीट जमलेला उंबर होता. ज्यात केंबरं नाहीत, तोच फसलेला.

प्रश्न असा: आत शिरलेल्या मादीला अंडी घालायची जागा मिळाली. ती तशीही मरणार आहे. मग परागकण खिशात भरायचे, वाहून आणायचे, एकेका फुलावर पसरायचे, हा खटाटोप तिने का करावा? रिकाम्या खिशाने आली तरी अंडी घालता येतातच. शार्लोट यांडेर आणि ॲलन हेर यांनी पनामात वड-उंबराच्या गोतातल्या काही जातींवर हे तपासलं, निष्कर्ष २०१० साली छापून आले. त्यांनी परागकण न घेतलेल्या माद्या मुद्दाम फळांत सोडल्या. झाडाने यातली बरीच फळं कच्चीच गाळून टाकली, आतल्या अळ्यांसकट. जी ठेवली त्यांतही पिल्लं कमी निघाली. झाडाला मन नाही, राग नाही. बी न धरलेल्या फळाला रस पुरवायचा नाही, एवढाच त्याचा नियम, आणि लबाड मादीचा वंश त्यात कापला जातो. जिथे शिक्षा ढिली, तिथे रिकाम्या खिशाच्या माद्या निसर्गातही जास्त सापडल्या.

त्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र दुसराच आहे. याच गोतात अशाही जाती आहेत जिथे केंबरांना परागकण भरावे लागत नाहीत. झाडच इतके परागकण तयार करतं की बाहेर पडताना ते आपसूक अंगाला लागतात. तिथे लबाडी करून वाचणार काय? आणि अशा जातींत शिक्षाही आढळली नाही. वाचताना गिरणगावातली पतपेढी आठवते. तिथे हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा; सभासद सज्जन आहे की बेरकी याने फरक पडत नसे. भिशी ही खिशात भरून आणायची गोष्ट. दर दहा तारखेला कोणालातरी पर्स उघडून तीन हजार मोजावे लागतात, म्हणून तिथे लक्ष लागतं, बोलणं लागतं, आणि कधीमधी रुसवाही लागतो.

शिक्षेला मर्यादा आहे तीही उंबरातच दिसते. झाड शिक्षा करतं ती अख्ख्या फळाला, एकेका मादीला नाही. उंबरात एकाच फळात अनेक माद्या शिरू शकतात. चौघींनी परागकण आणले तर पाचवीचं फुकट निभावतं, कारण फळ तर नीट धरलं. भिशी चालवणाऱ्या बायका बारा-पंधराच्या पुढे सभासद घ्यायला का कुरकुरतात याचं उत्तर इथे आहे. चाळीस जणींची भिशी कागदावर भारी दिसते, दीड हजारात साठ हजार! पण चाळीस महिने म्हणजे तीन वर्षं चार महिने. तोवर कोणाची सून वेगळी होते, कोणाचा नवरा आजारी पडतो, आणि तिसऱ्या महिन्यात पैसे उचललेली कोणती हे आठवायलाही वही लागते. गर्दीत चेहरा हरवला की भिशी फुटायला सुरुवात होते.

मुंबईतल्या सहकार्याबद्दल लिहायला बसलं की डबेवाले आणि लोकलची चौथी सीट न बोलावता हजर होतात. त्यांना आज सुट्टी.

सजीव एकमेकांना मदत का करतात, याचं पहिलं पक्कं गणित रक्ताच्या नात्याचं. विल्यम हॅमिल्टनने १९६४ साली ते मांडलं: मदतीचा लाभ गुणिले नात्याची जवळीक, हे मदतीच्या खर्चापेक्षा जास्त भरलं तर मदतीची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सख्ख्या भावाशी जवळीक अर्धी, चुलतभावाशी एक अष्टमांश. परळ-लालबागमधल्या गावमंडळांच्या खोल्या बऱ्याच अंशी याच हिशोबावर चालल्या. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी, सगळी एकाच गावची, निम्मी एकाच भावकीतली. नवा पोरगा गावाहून आला की त्याच्या वळकटीची जागा ठरलेली. पण हॅमिल्टनचं गणित चुलतभावापाशी पातळ होतं आणि शेजाऱ्यापाशी शून्यावर येतं. खानावळवाल्या बायकांचं काय? त्यांच्याकडे जेवणारे गिरणी कामगार नात्याचे नव्हते, आणि संपात पगार थांबला तरी त्यांनी उधारीवर ताटं वाढली. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. या उधारीला नुसती माया म्हणणं सोपं आहे. मायाही असेल. पण संप मिटल्यावर हाच माणूस पुन्हा याच पाटावर येऊन बसणार आहे, हा हिशोबही त्यात होता. आणि हिशोब होता म्हणून माया खोटी ठरत नाही.

पुन्हा भेटण्याचं हे गणित रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७१ साली सजीवांसाठी मांडलं. रॉबर्ट ॲक्सेलरॉडने १९८० च्या सुमारास ते संगणकावर खेळून पाहिलं. डाव असा: दोघांनी साथ दिली तर दोघांचं बरं, एकाने दगा दिला तर त्याचं जास्त बरं, दोघांनी दगा दिला तर दोघांचं वाईट, आणि डाव एकदा नाही, पुन:पुन्हा. पहिल्या स्पर्धेत चौदा डावपेच आले, दुसरीत बासष्ट. दोन्ही वेळा जिंकला तो सगळ्यात छोटा, अनातोल रॅपपोर्टने पाठवलेला: सुरुवात साथीने करा, नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करा. दुसऱ्या स्पर्धेत पहिलीचा निकाल सगळ्यांना माहीत होता, तरी त्याला कोणी हरवू शकलं नाही. वाटीला वाटी.

पण त्यात एक खोट आहे, आणि चाळीत राहिलेल्या कोणालाही ती सांगता येईल. चूक झाली तर? समजा एकीने मुद्दाम नाही, पगार उशिरा झाला म्हणून हप्ता चुकवला. वाटीला वाटी खेळणारी लगेच तोंड फिरवते, मग ही तोंड फिरवते, आणि दोघी नळावर वर्षानुवर्षं एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात. भांडण कशावरून सुरू झालं हे दोघींनाही आठवत नाही. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी १९९२ साली डावात अशा चुका मुद्दाम मिसळल्या. तेव्हा टिकला तो उदार डावपेच: साथीला नेहमी साथ, पण दर तीन दग्यांतला साधारण एक पोटात घालायचा. सगळेच पोटात घातले तर लबाड माजतात, एकही घातला नाही तर वैर संपत नाही. काकूंच्या वहीत हे असं लिहिलंय: दहा तारीख चुकली तर बारापर्यंत काही बोलायचं नाही. बारानंतर जिन्यात सहज विचारायचं. पंधरानंतर पन्नास रुपये दंड, तोही डब्यात टाकायचा, कोजागिरीच्या दुधाला. दोनदा लागोपाठ चुकलं तर पुढच्या वर्षी नाव नाही.

ही पायऱ्यापायऱ्यांची शिक्षा काकूंनी कुठे वाचलेली नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉमला मात्र ती स्वित्झर्लंडच्या कुरणांत, स्पेनच्या पाटांवर, जपानच्या गावरानात सापडली. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला मिळालं, ते मिळवणारी ती पहिली बाई. सामाईक गोष्ट एकतर सरकारने सांभाळावी नाहीतर विकून टाकावी, असं तोवर पुस्तकी शहाणपण होतं. लोक ती स्वतःच शतकानुशतकं सांभाळतात हे तिने दाखवलं. तिच्या यादीतले नियम घेऊन धुळ्याकडे पांझरेच्या काठी गेलं तर फड पद्धत समोर येते. बंधाऱ्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी जाईल ते पाटकरी बघतो, पिकावर नजर जागल्याची, आणि त्यांचा मेहनताना द्यायचा शेतकऱ्यांनीच. एका फडात एकच पीक, त्यामुळे सगळ्यांची तहान एकाच वेळची, आणि कोणी जास्त पाणी ओढलं तर शेजारच्याला बांधावरून दिसतं. लपायला जागाच ठेवलेली नाही.

नव्या माणसाला आत कसं घ्यायचं, हे त्याहून अवघड. रक्तपिपासू वटवाघळं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली (आपल्या मुंबईतली मोठी वटवाघळं फळं खातात, उंबरंही). लागोपाठ दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर ती मरतात. उपाशी राहिलेलीला दुसरी आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवते. जेराल्ड विल्किन्सनने हे १९८४ साली नोंदवलं. भरवणं नात्यातल्यांनाच होतं असं नाही, ढोलीतल्या जुन्या सोबतिणींनाही होतं. अनोळखी वटवाघळं एकत्र ठेवली तर काय होतं हे जेराल्ड कार्टर आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, २०२० साली ते छापलं गेलं. ती लगेच रक्त देत नाहीत. आधी एकमेकींचं अंग साफ करतात, मग जास्त वेळ साफ करतात, आणि त्यातल्या काही जोड्या पुढे कधीतरी भरवण्यापर्यंत पोचतात. चाळीतही नव्या बिऱ्हाडाला कोणी पहिल्या महिन्यात भिशीत घेत नाही. आधी कढीपत्ता, मग वाटीभर साखर. ती वाटी रिकामी परत येत नाही, लिंबाचं लोणचं किंवा निदान चार चकल्या घेऊन येते, आणि वाटी कशी परत आली यावरून पुष्कळ काही ठरतं. मग कुलपाची दुसरी किल्ली. भिशी त्याच्यानंतर, आणि तीही पहिल्या वर्षी अशी की नवीचं नाव पहिले सहा महिने डब्यात टाकायचंच नाही. तिचा हप्ता आधी, तिची भिशी मागाहून.

फळात न शिरताच पोट भरणारेही असतात. उंबरावर काही परजीवी गांधीलमाश्या बाहेर सालीवर बसून लांबलचक नळी आत खुपसतात, केंबरांच्या फुलांत अंडी घालतात आणि परागकणाचा एक दाणाही आणत नाहीत. झाडावर मुंग्या फिरत असल्या की त्यांना पिटाळतात, म्हणून मुंग्या असलेल्या उंबरांचं बरं चालतं. भिशीचं नाव घेऊन आजकाल फोनवर ज्या योजना येतात, त्या या जातीच्या. ओळखायची खूण सोपी आहे. भिशीत पैसा जन्मत नाही. बारा त्रिक छत्तीस, जेवढे गेले तेवढेच आले. त्याहून जास्त येणार असं कोणी सांगत असेल, सभासद एकमेकांना ओळखत नसतील, नवा माणूस आणला तर कमिशन असेल आणि चालवणाऱ्याचा स्वतःचा हप्ता त्यात नसेल, तर ती नळी बाहेरून खुपसलेली आहे.

'उंबर फोडून केंबरं उडवणं' म्हणजे झाकलेलं उगाच उकरणं. भिशीतही हे नको असतं. ती बदलापूरला जाणार म्हणून बाकीचे आठ हप्ते आधीच लिहून घ्यावेत का, हे त्या दोन-तीन सेकंदांत प्रत्येकीच्या मनात येऊन गेलं असणार. कोणी बोललं नाही. बोललं असतं तर कदाचित पैसे पक्के झाले असते आणि भिशी संपली असती. पण गप्प राहण्यामागे भरवसाच होता, हेही खात्रीने म्हणवत नाही. वीस वर्षं शेजारी राहिलेल्या बाईला तोंडावर विचारायची लाजही असेल. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तिला बांधून ठेवणारं आता काय उरलंय? नळ नाही, जिना नाही, हळदीकुंकू नाही. पुन्हा भेटण्याची जी सावली तिच्या खोलीच्या दारावर पडलेली असायची, ती बदलापूरपर्यंत लांबत नाही. अशा वेळी दगाच फायद्याचा ठरतो, हे ॲक्सेलरॉडच्या गणितात स्पष्ट आहे.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेलाच काकूंच्या फोनवर तीन हजार आले. डिसेंबरला पुन्हा नऊ तारखेला, सकाळी. जानेवारीतही. एक दिवस आधी, न चुकता. इथे असताना ती बारा-तेरापर्यंत खेचायची. काकूंनी वहीत नोंद केली, आणि पाराशी बसलेल्या एकीने म्हटलं, "लईच टायमावर धाडतेय बाई." ते कौतुक नव्हतं आणि तक्रारही नव्हती. तिची एक स्टीलची वाटी, लोणच्याची, अजून काकूंच्या मांडणीवर आहे. रिकामी द्यायची नाही आणि भरून द्यायला ती येत नाही.

जून सरता सरता नव्या वर्षासाठी पुन्हा कागद कापायला घेतला. वहीचं मागचं पान, कात्री, दहा नावं लिहून झाली. अकरावा तुकडा कोराच काकूंच्या मांडीवर होता. वरून एक पिकलं उंबर डब्याच्या झाकणावर टणकन आपटलं आणि फुटलं. पोराने ते उचलायच्या आत आजीने त्याचा हात धरला.